सातवा रकाना

रावेरच्या मराठी शाळेत, उन्हाळी सुट्टीत,
चौथीच्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून
आम्ही तीन राज्यांच्या नोंदवह्या जुळवत होतो.
बाहेर पंचेचाळीस. आत पंखा
फक्त कागद उडवण्यापुरता.

बऱ्हाणपूरहून इकराम मास्तर आले होते,
कापडी पिशवीत सोळा वर्षांचं पाणी घेऊन:
तापीची पातळी, रंग, वास, रोज सकाळी सहाला,
हिंदीत, शाईच्या पेनानं, एक खाडा नाही.
आईच्या मयतीच्या दिवशीही नोंद आहे.
रंग : साफ.

उच्छलहून हंसाबेन गामीत. त्यांचे बगळे, बदकं
गुजरातीत मोजलेली. डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं,
तारेवरून नुकतीच उठल्यासारखी.

माझ्याकडे ऐनपूर ते पाल, एकशे बारा पानं.
चाळिसाव्यावर केळीच्या चिकाचा डाग.
स्कॅनरनं त्यालाही अनुक्रमांक दिला.

याद्या एकत्र केल्या तर मासे वाढले.
नदीत नाही, यादीत.
आमची वाम, त्यांची बाम,
दोन ओळींत अंग चोरून बसलेली.
सुपडू भोई खिडकीशी उभा राहून हसला,
"एकच हाये व बाई. बऱ्हानपूर तिचं माहेर,
सासर आपल्याकडे. नाव तं बदलीनच ना."
मी एक ओळ पुसली.
पुसल्यावर उगाच वाटलं, कुणाचं तरी माहेर गेलं.
परत लिहिली, कंसात.

सातवा रकाना : स्थळ.
खुमसिंग पावरानं सकाळपासून
पाच झाडं, तीन घुबडं, अस्वलाची एक वाट सांगितली होती.
सफेद मुसळीपाशी तो थांबला.
"कुठं आहे ते मला माहीत आहे," म्हणाला,
"कुणाकुणाला कळेल, ते तू सांग."

अभ्यासकांना, म्हटलं. विद्यापीठाला. वनखात्याला.
मोजता मोजता माझाच आवाज बारीक झाला.
मागे एका साहेबाला त्यानं टेकडी दाखवली होती.
पुढच्या श्रावणात तिथं नुसते खड्डे,
खड्ड्यांत पाणी, पाण्यात बेडूक.
"बेडूक लिहून घे," म्हणाला. चिडून नाही.

मास्तरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
दुपार तिथंच अडून राहिली.

शेवटी ठरलं, अक्षांश-रेखांशाचे
शेवटचे तीन-तीन आकडे खोडायचे.
मुसळी आहे. सातपुड्यात आहे.
एवढंच तिन्ही राज्यांनी जाणावं.
उरलेले आकडे खुमसिंगच्या पायांत राहू देत.
करारात मी ते नीट शासकीय मराठीत लिहिलं,
वाचून दाखवलं,
मग साध्या मराठीत पुन्हा.
दुसऱ्या वाचनाला त्यानं मान हलवली.
मी शाईचा पॅड उघडून ठेवला होता.
त्यानं माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि सही केली.

ऑक्टोबरात, रात्री अडीचला,
मास्तरांचा निरोप : पानी काला है. बदबू.

आजवर तापी आधी यायची
आणि काय झालं ते मेलेले मासे सांगायचे.
मी सुपडूला उठवलं. त्यानं अंधारात जाळी ओढली
शिव्या देत, कुणाला ते कळेना,
मग विडी पेटवून वाळूत बसला,
पाण्याची वाट बघत.

सकाळी नऊला आलं.
रंग : काळा. वास : आहे.
मेले ते मोजले. फार नव्हते; होते.
वेळ टाकून मी सगळं खाली पाठवलं, उकाईच्या दिशेनं.
हंसाबेनचं एका शब्दात उत्तर :
मळ्युं.

मी मोठ्यानं वाचलं.
"काय मळलं?" सुपडूनं विचारलं.
मळलं नाही रे, म्हटलं. मिळालं.
त्यानं नदीकडे बघितलं.
"दोन्ही लिही," म्हणाला.